दुपारी भरलेलं तेल

माझ्या गॅरेजात आलेल्या पहिल्या ऑटोमॅटिक गाडीत मी मालकाचं कपाळ समोरच्या काचेवर आपटवलं होतं. बाभुळगावचे एक कापसाचे व्यापारी गाडी घेऊन आले, म्हणाले, "युनूसभाई, कुठून तरी आवाज येऊन राह्यला, एक चक्कर मारून पाहा." मी बसलो. जन्म गेला ट्रक आणि जीपखाली. पुढं म्हैस आडवी आली, उजवा पाय ब्रेकवर गेला आणि डावा सवयीनं क्लच दाबायला गेला. क्लच होताच कुठं? तिथंही ब्रेकचंच रुंद पायदान. दोन्ही पायांनी मिळून असा ब्रेक लागला की म्हैससुद्धा दचकली. शेठ कपाळ चोळत म्हणाले, "गाडी दाखवाले आनलीती बाप्पा, डोस्कं नाही." तेव्हापासून ऑटोमॅटिक गाडीत बसलो की मी डावा पाय दुमडून मांडीखाली घेतो. लोक हसतात, हसू देत.

दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, तुमच्या धंद्यातलं लोकांना काही शिकता येईल असं लिहा. शिकवण्यासारखं माझ्याकडं काही नाही. एक गोंधळ आहे. तो या उन्हाळ्यात झाला, अजून पुरता निस्तरलेला नाही, तोच लिहितो.

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला माझं गॅरेज. अब्बांनी टाकलं, तेव्हा नागपूर-हैदराबादचा प्रत्येक ट्रक आमच्या दारातून जायचा. आता रस्ता मोठा झाला, ट्रक उड्डाणपुलावरून वरच्यावर निघून जातात. खाली उतरतात त्या जुन्या गाड्या. हैदराबादेत, नागपुरात दमल्या की त्या आमच्या जिल्ह्यात येतात आणि इथं नव्यानं संसाराला लागतात. मीटर मागं फिरवलेलं असतं, ते मी बघतच नाही. ब्रेकच्या पायदानाचं रबर बघतो. ते गुळगुळीत झालं असेल आणि मीटर म्हणत असेल की गाडी अजून कोवळी आहे, तर मीटर खोटं बोलतंय. जड कामाला आता दुसरे हात आहेत. मी फक्त आवाज ऐकतो आणि तेलाचा वास घेतो.

हा तेलाचा वासच सगळ्याच्या मुळाशी आहे, म्हणून थोडं समजावून सांगतो. साध्या गाडीत गिअर बदलताना डाव्या पायानं क्लच दाबावा लागतो. ऑटोमॅटिक गाडीत हे काम तेल करतं. आत एक पंप असतो, तो तेलाला दाब देतो, दाबलेलं तेल आतल्या चकत्या एकमेकींवर आवळून धरतं, आणि गाडी ओढली जाते. तेल नवं असतं तेव्हा लालभडक असतं, डाळिंबाच्या रसासारखं. गाडी चालत जाते तसं ते तपकिरी होतं, मग काळं, आणि शेवटी फोडणी जळाल्यासारखा वास मारतं. आता तुम्ही म्हणाल, काळं झालं की बदलायचं, त्यात काय एवढं? तिथंच तर गोम आहे. चकत्या झिजून त्यांची पूड त्या तेलातच मिसळलेली असते. काही उस्ताद म्हणतात, या पुडीच्या जिवावरच झिजलेल्या चकत्या एकमेकींना धरून असतात. नवं तेल टाकलं की पूड धुतली जाते, चकत्या घसरायला लागतात, आणि काल चालत येणारी गाडी आज ओढून न्यावी लागते. दुसरे उस्ताद म्हणतात, ही सगळी भीती आहे, तेल न बदलणं हेच गाडी मारणं. दोघांनीही माझ्यापेक्षा जास्त गिअरबॉक्स उघडलेत. आता बोला, कोणाचं ऐकायचं?

तर या मे महिन्यात रामधनभाऊ राठोड आले.

रामधनभाऊ हे जुने ड्रायव्हर. झरी जामणीकडं त्यांचा तांडा आहे. अब्बांच्या वेळेपासून त्यांचा ट्रक आमच्याकडं यायचा, मी त्यांच्या ट्रकखालीच पान्हा धरायला शिकलो. त्यांच्या समाजानं एकेकाळी बैलांच्या पाठीवर मुलुखभर माल वाहिला, आणि रामधनभाऊंनी तेच काम ट्रकवर केलं, एवढाच काय तो फरक असं ते स्वतः सांगत. पुढं शुगर वाढली, जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आता तिथं जयपूर पाय आहे. ट्रक सुटला, सगळंच सुटलं. मग नागपूरला नोकरीत असलेल्या प्रकाशनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, हैदराबादहून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आणून दिली. ऑटोमॅटिकला डावा पाय लागतच नाही! म्हातारा पुन्हा स्टिअरिंगवर बसला. तांड्यातल्या बाळंतिणी दवाखान्यात, म्हातारे बँकेत, पोरी परीक्षेला, सगळे त्याच गाडीतून. तुम्हाआम्हाला ऑटोमॅटिक म्हणजे ऐश. रामधनभाऊंना तो त्यांचा पाय होता.

"युनूस, झटके देऊन राह्यली," गाडीतून न उतरता ते म्हणाले. "दुसऱ्यातून तिसऱ्यात जातानी पाठीत कोनी लाथ घातल्यावानी वाटते."

मी चक्कर मारून आलो. झटका होता. खालून थोडं तेल काढलं, बोटांवर चोळलं, पांढऱ्या फडक्यावर पसरलं, नाकाशी नेलं. काळं होतं. वास जळका होता, पण पार कोळसा झालेला नव्हता. कडेला तपकिरी झाक दिसत होती. म्हणजे धड मेलेलं नाही, धड जिवंत नाही. अगदी मला नको होतं तसंच.

"बदलायचं का नाही ते सांग ना," रामधनभाऊ म्हणाले.

"सांगतो, दोन दिवस द्या," मी म्हणालो, आणि त्या दोन दिवसांत माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. नागपूरच्या एका शोरूममध्ये ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, हे तेल जन्मभराचं असतं, उघडायचं कारणच नाही. मी विचारलं, कोणाच्या जन्मभराचं, तेलाच्या की गाडीच्या? त्यानं फोन ठेवून दिला. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एक जण गाडीखाली लोळून सांगत होता, ताबडतोब बदला. त्याच्या खालोखाल दुसरा सांगत होता, चुकूनही बदलू नका. शेवटी हैदराबादच्या करीम उस्तादांना फोन केला. आयुष्यभर गिअरबॉक्सशिवाय दुसरं काही न केलेला माणूस.

"मियाँ, बदलो," उस्ताद म्हणाले. मी म्हणालो, घसरली तर? "तो मत बदलो." आणि मग माझा चेहरा दिसल्यासारखे हसून म्हणाले, "सुनो. आधाच निकलता वैसे भी, आधा अंदरीच रहता. वो निकाला हुआ पुराना तेल फेंको नक्को. फिसली तो वापस वोइच डाल देना."

हे मला पटलं. परतीची वाट असली की माणसाला धीर येतो.

तेवढ्यात प्रकाशचा फोन आला. "काका, तुम्ही काही करा, पन एक सांगून ठेवतो. गिअरबॉक्स गेला त मी दुसरा बसवनार नाही. गाडी भंगारात जाईन अन् बाबा घरी बसतीन. डॉक्टर बी तेच म्हनतात." तो काही वाईट पोरगा नाही. बापाची काळजी त्यालाही होती. पण रामधनभाऊ समोरच बसले होते आणि फोनचा आवाज मोठा होता. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ जयपूर पायाचा पट्टा सैल-घट्ट करत राहिले.

"माहा बाप असाच खाटेवर बसला होता," ते म्हणाले. "म्हने दोन रोज आराम करतो. मंग उठलाच नाही. तू बदल, युनूस. जे होईन ते होईन."

मी बदललं. मे महिन्याची दुपार, वर टिनाचं छत, आमच्याकडं त्या दिवसांत नळाला पाणीसुद्धा चहासारखं येतं. जुनं तेल काढलं, जाळी बदलली, नवं लाल तेल भरलं. आता या गाडीला तेल मोजायची पट्टी नाही. इंजिन चालू ठेवायचं, तेल कंपनीनं सांगितलेल्या तापमानाला आलं की बाजूचा एक बोल्ट उघडायचा. जास्तीचं तेल धारेनं बाहेर पडतं. धार थेंबांवर आली की बोल्ट बंद, पातळी बरोबर. माझ्याकडं तापमान दाखवणारं छोटं मशीन आहे. इंजिन चालू करून ते लावलं तर आकडा सुरुवातीलाच सांगितलेल्याच्या वर. मी मनाशी म्हणालो, बरंच झालं, वाट पाहायला नको. ज्या जुन्या गाड्यांना पट्टी असते, त्यांचं तेल गरम करूनच मोजतात, जितकं गरम तितकं बरं. बोल्ट उघडला, तेल चांगलं धारेनं आलं, थेंबांवर आलं, बंद केला.

गाडी अशी चालली की काय सांगू! झटका नाही, आवाज नाही. रामधनभाऊंनी बसस्टँडला फेरी मारली आणि परत येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला. काढलेलं तेल आमच्याकडं मालकाला परत द्यायची रीत आहे, खेड्यातले लोक ते वंगणाला वापरतात. मी डबा त्यांच्या हातात देताना तीनतीनदा बजावलं, "हे फेकायचं नाही, वापरायचं नाही, झाकून ठेवायचं. गाडी घसरली तर हेच परत घालायचंय."

"हाव रे बाबा, समजलं," ते म्हणाले.

चार दिवसांनी फोन. "युनूस, घसरली."

त्यांच्या तांड्यातून सडकेला यायचं तर नाला उतरून पलीकडचा उभा चढाव चढावा लागतो. त्या दिवशी पहिल्यांदाच सकाळी निघाले तर त्या चढावावर इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी जागच्या जागी, उलट मागं सरकते. तिघाचौघांनी ढकलून वर काढली. तशीच ते ती गॅरेजला घेऊन आले. येईपर्यंत दुपार झालेली. मी बसलो, घाटात नेली, चढावर उभी करून पुन्हा उचलली. कुठं काही नाही! लोण्यासारखी गाडी.

"रामधनभाऊ, गाडी तर ठीक आहे."

"मंग मी काय खोटं बोलून राह्यलो?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी तांड्यात घसरली, दुपारी माझ्याकडं चांगली. मला तर वाटायला लागलं, म्हाताऱ्याचाच पाय नीट पडत नसावा. मी ते तोंडानं बोललो नाही, पण त्यांनी माझ्या तोंडावर वाचलं. लाल झाले. "चाळीस वर्सं गाडी चालवली मी! मले सांगतं का तू, घसरनं काय असते अन् काय नाही?" तरातरा जायला निघाले. जयपूर पायानं तरातरा जाता येत नाही, हे दोघांनाही लगेच कळलं. मी धावत जाऊन दार उघडून दिलं. त्यांनी थँक्यू म्हटलं नाही.

आता एकच उपाय राहिला होता, करीम उस्तादांचा. संध्याकाळच्या आत मी तांड्यावर पोचलो. म्हणालो, "काढा तो डबा, जुनं तेल परत घालतो."

रामधनभाऊंची सून घरातून बाहेर आली. तिनं सासऱ्याकडं पाहिलं, सासऱ्यानं तिच्याकडं. मग तिनं दाराच्या चौकटीकडं बोट दाखवलं. चौकट काळीभोर चमकत होती. खाटेचे पाय चमकत होते, गोठ्याच्या मेढी चमकत होत्या.

"वाळवी लय झालती, काका," ती म्हणाली. "मामांजीनं आनलं त मले वाटलं, त्याच्याचसाठी आनलं. शेजारी बी थोडं थोडं देल्लं."

परतीची वाट अख्ख्या तांड्याच्या चौकटींना फासली गेली होती. रागावू कोणावर? गाडीचं काळं तेल घरी आलं की लाकडाला फासायचं, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं. हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

मुक्काम तिथंच केला, कारण ही गाडी जे काय करते ते सकाळीच करते. बाहेर ओट्यावर बसलो तेव्हा समोरच्या घरासमोर एक म्हातारा दोरी वळताना दिसला. चेहरा हुबेहूब रामधनभाऊंचा. मी सलाम केला, त्यानं मान हलवली. पण रामधनभाऊंनी मान दुसरीकडं वळवली.

"किसनभाऊ ना ते? तुमचे क्लिनर होते?"

"लहान भाऊ हाये," ते म्हणाले. "बोलनं नाही आमचं. सोड."

मी सोडलं. दुसऱ्याच्या घरातलं उकरून काढायला मला कोणी बोलावलं नव्हतं.

सकाळी हवा चांगली गार होती. रामधनभाऊंनी गाडी काढली, मी शेजारी बसलो. नाला उतरलो, चढावाला लागलो, आणि या अल्लाह, खरंच घसरली. इंजिन ओरडतंय, चाकांना पत्ताच नाही. मी कान पकडले. "माफ करा भाऊ. तुम्ही खरं बोलत होता."

"मले ठाऊक हाये मी खरं बोलून राह्यलो," ते म्हणाले.

मागं सरकत गाडी परत खळ्यावर आणली. खळं सपाट होतं. तरी परातीत पाणी घालून जमिनीवर ठेवलं, सगळ्या कडांना पाणी सारखं उभं राहिलं तेव्हा मानलं. चारी चाकांखाली सारख्या जाडीच्या सागवानी फळ्या घालून गाडी उंच केली आणि खाली शिरलो. इंजिन चालू, मशीनवर आकडा हळूहळू चढत सांगितलेल्या तापमानाला आला. बोल्ट उघडला. एक थेंब आला नाही. बोट घातलं, कोरडं.

मी गाडीखालूनच ओरडलो, "तेल कमी आहे! कोणी काढलं का यातलं? चौकटींना पुरलं नाही म्हणून?"

सून शपथा घ्यायला लागली. गळती म्हणावी तर खाली ठिपका नाही, गिअरबॉक्स वरून कोरडा ठणठणीत. माझ्या गॅरेजात मी स्वतः धारेवरून थेंबांवर आणलेलं तेल. दुपारी बरोबर, सकाळी कमी. सांडलं नाही, गळलं नाही, कोणी काढलं नाही. मग गेलं कुठं?

बाहेर आलो तर रामधनभाऊ माझ्याकडं पाहत नव्हते. समोरच्या घराकडं पाहत होते.

"टँकरचं असंच झालं होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. ट्रकवरून ते एका शेठच्या रॉकेलच्या टँकरवर गेले, किसन क्लिनर म्हणून बरोबर. थंडीतल्या खेपा सगळ्या बरोबर गेल्या. उन्हाळ्यातली पहिली खेप होती. दुपारी टँकर भरला, पट्टी घालून पाहिलं तर बरोबर खुणेपर्यंत. वाटेत उशीर झाला म्हणून मुक्कामाला तांड्यावर आणला. किसन टँकरवरच झोपला. सकाळी शेठकडं पोचले, त्यानं पट्टी घातली, तर रॉकेल खुणेच्या खाली.

"सील तसंच. खाली थेंब नाही," रामधनभाऊ म्हणाले. "शेठ म्हने, तुमी चोर. मी म्हटलं, मी घरात झोपलो होतो, टँकरवर हा होता. त्या टायमाले रॉकेलसाठी लोक मारामाऱ्या करत. मले वाटलं, यानंच काढलं असन, तांड्यात वाटलं असन. याले इचारलं त म्हने, भिया, याडीची शपथ, मायची शपथ, मी हात नाही लावला. मी नाही मानलं. शेठनं याले हाकललं. लाईनवर नाव झालं, चोर क्लिनर. पुन्हा कोन्या गाडीवर कोनी घेतलं नाही त्याले. जंगलात लाकडं तोडाच्या कामाले गेला."

मी ऐकत होतो आणि हातातल्या फडक्यानं तेलाचे हात पुसत होतो. 'दुपारी' हा शब्द डोक्यात अडकून बसला. दुपारी भरलं. उन्हाळ्यात. सकाळी कमी. आणि माझं काय झालं होतं? मशीनवरचा आकडा सुरुवातीलाच वर होता. मी म्हणालो होतो, बरंच झालं!

गरम तेल फुगतं, हो! टिनाखालच्या त्या भट्टीत तेल फुगलेलं होतं. फुगलं म्हणून जास्त दिसलं, जास्त दिसलं म्हणून मी बोल्टातून वाहू दिलं, आणि सकाळच्या गारव्यात तेच तेल आकसून पातळीच्या खाली बसलं. चढावर गाडीचं तोंड वर झालं की उरलेलं तेल मागं जायचं आणि पंप तेलाऐवजी हवा ओढायचा. तीसेक मैल येऊन माझ्या दारात पोचेपर्यंत तेल पुन्हा गरम, पुन्हा फुगलेलं, गाडी पुन्हा शहाणी. ज्यानं ते तापमान ठरवलं, त्यानं पांढरकवड्याचा मे महिना कधी पाहिला नसणार. आणि मी सगळे मे महिने इथंच काढूनही माझ्या ध्यानात आलं नाही.

रामधनभाऊंना मी एवढंच सांगितलं, "थांबा, गाडी मेलेली नाही." उरलेलं नवं तेल मी बरोबर आणलं होतं. तापमान सांगितलेल्या आकड्याच्या वर जायच्या आत थोडं थोडं ओतत गेलो, खालून थेंब पडायला लागला तिथं थांबलो. बोल्ट आवळला, फळ्या काढल्या.

"चला."

नाला उतरलो. चढाव आला. मी डावा पाय मांडीखाली घेऊन, दोन्ही हातांनी सीट धरून बसलो. गाडी चढली. कुरकुर नाही, घसरणं नाही, सरळ वर सडकेला. रामधनभाऊंनी गाडी बाजूला घेऊन बंद केली. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार.

त्यांनी विचारलं, "तेल गेलं कोठी होतं?"

मी समजावून सांगितलं. गरम तेल फुगतं, गार झालं की बसतं. सांडत नाही, कोणी काढत नाही, तरी कमी दिसतं.

सडकेवरून एक टँकर आवाज करत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत ते पाहत राहिले.

"रॉकेल बी फुगत असन?" त्यांनी विचारलं.

"तेलापेक्षा जास्तच."

इथंच मी अडकलो आहे, वाचकहो. मोठ्या डेपोवर लोक तापमानाचा हिशेब धरतात, हे मला ऐकून ठाऊक आहे. त्या शेठला ते ठाऊक नव्हतं की ठाऊक असून त्यानं दोन गरीब माणसांवर ढकललं? आणि किसनभाऊंनी त्या रात्री एखादा डबा काढलाच नसेल, हे मी कुठल्या तोंडानं छातीठोक सांगू? मी काही तिथं नव्हतो. रामधनभाऊंनी मला तेच विचारलं, "मंग किसननं चोरलं नाही ना, युनूस? तू सांग." मी म्हणालो, "भाऊ, चोरलं का नाही ते मले नाही सांगता येत. पन तेल कमी व्हाले चोर लागतच नाही, एवढं आज माह्या डोळ्यानं पाह्यलं." त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

माझा एक नियम आहे. दुरुस्त केलेली गाडी चढावर एकदा चढली म्हणजे पास नाही, दुसऱ्यांदा चढली तर पास. म्हणून आम्ही परत खाली उतरलो. पण रामधनभाऊंनी गाडी खळ्यावर नेली नाही. ती समोरच्या घरासमोर नेऊन उभी केली आणि हॉर्न वाजवला. दोरी टाकून किसनभाऊ उठले. सून दारात येऊन उभी राहिली. मी मुकाट्यानं उतरून मागच्या सीटवर गेलो, म्हणजे पुढची डावी जागा, क्लिनरची जागा, रिकामी झाली.

रामधनभाऊंना काहीतरी बोलायचं होतं. शेवटी त्यांच्या तांड्याच्या गोरबोलीत दोनच शब्द निघाले.

"आव. बेस."

ये, बस. किसनभाऊ लगेच बसले नाहीत. आधी गाडीला एक पूर्ण फेरी मारली. प्रत्येक टायरला लाथ मारून हवा पाहिली. वाकून खाली काही गळतंय का ते पाहिलं. मग दार उघडून बसले, काच खाली केली, हात बाहेर काढला आणि जुने क्लिनर निघताना मारतात तशा दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

"जाऊ दे, भिया."

रामधनभाऊंनी गाडी सोडली. मी मागं बसलो होतो ते चढावावर गाडी घसरते का पाहायला. त्या दोघांच्या माना मागून दिसत होत्या, दोन्ही सारख्याच पांढऱ्या, दोन्ही सरळ समोर. चढाव कधी आला आणि कधी संपला, ते मला कळलंच नाही.